चाळीस घरं निरंक

चांगुणा दारात ज्वारी निवडत होती. कोवळ्या उन्हाला बसलेला तिचा नवरा श्रीपती गुडघ्याखाली संपलेल्या पायावरच्या माश्या हाकलत होता. कळंबजवळच्या त्या गावात दुष्काळाचं दुसरं साल. सारी वस्ती रोजगार हमीच्या खडीवर. ही दोघं तेवढी घरी.

गेल्या साली नारायणराव गुरुजी बौद्धवस्तीत आले होते. सरकारनं मधुमेहाच्या संशोधनाला अनुदान दिलंय, म्हणाले. लघवीची बाटली भरून द्या, साखर निघाली तर औषध फुकट. गुरुजींनी तिच्या पोराला अक्षरओळख दिलेली. त्यांचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ. महिन्यानं निरोप आला, श्रीपतीला काही नाही. मग अंगठ्याची जखम चिघळत गेली तरी ती हळदच भरत राहिली. शेवटी सोलापूरला पाय कापला. तिथले डॉक्टर म्हणाले, "साखर जुनी आहे. कुणी तपासलं नाही?"

आज शहरातले संशोधक डॉक्टर गुरुजींना घेऊन दारात उभे राहिले.

"श्रीपती, निरंक," डॉक्टरांनी वहीतलं वाचलं.

"निरंक म्हंजी?"

"काही नाही, बाई. इथल्या चाळीस घरांत एकालाही साखर नाही."

"मंग ह्यांचा पाय काय उंदरानं नेला व्हय?"

डॉक्टरांची नजर श्रीपतीवर गेली, मग गुरुजींवर. "नमुने तुम्हीच पाठवलेत ना?"

गुरुजी उपरण्याचं टोक चाळवत राहिले. "घरात देव आहेत, साहेब. ह्यांच्या बाटल्या ठेवणार कुठं? ओढ्यात ओतल्या. विहिरीचं पाणी भरून पाठवलं."

चांगुणानं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"माज्या पोराचा हात धरून गमभन गिरवून घेतलंत, गुरुजी. तवा देव कुठं ठिवले व्हते?"



डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण अहवाल वर गेलाय. कष्टकऱ्यांना हा रोग होत नाही, असं त्यात मांडलंय. पुढचं अनुदान त्यावरच आहे. ह्यांचं औषध मी देतो. तपासणी झाली म्हणून इथं अंगठा द्या."

"आन् बाकीच्या घरांनी पाय तुटस्तवर वाट बगायची?"

"खोडलं तर संशोधनच बंद पडेल, बाई."

"पडू द्या. अंगठा मिळायचा न्हाय." तिनं वहीवर बोट ठेवलं. "ह्ये निरंक आदी खोडा. मंग समद्यांला आमच्या डोळ्यादेखत तपासा. आमी हाव, आसं लिवा."