पायातली पट्टी

"लीजिए प्रोफ़ेसर साहब, आपके काम की चीज़ है," असं म्हणत डॉक्टर माथुरांनी एक छोटी पिशवी रमाकांत उकिडव्यांच्या हातात ठेवली. सुहासिनीच्या मांडीतून सकाळी काढलेली स्टीलची पट्टी होती ती. दोन तुकडे झालेली. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पट्टीच्या जागी हाडाच्या पोकळीत सळी बसवली होती, आणि सुहासिनी अजून गुंगीत होती.

रमाकांत धातू कसे थकतात ते शिकवत. सांगलीहून लखनौला आल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. पोलादाचे तुकडे यंत्रात लावायचे, पुन्हा पुन्हा भार द्यायचा आणि तुटायची वाट बघायची. एकदा दिलेल्या भाराने काहीच बिघडत नाही. तोच भार येत-जात राहिला की कुठेतरी बारीक चीर पडते आणि गुपचूप वाढते. तुटलेला तुकडा नुसता उजेडात धरून ती चीर कुठून निघाली, हे ते सांगत. रेल्वेतले इंजिनियरही मोडके भाग घेऊन त्यांच्याकडे येत.

दिवाळीनंतर जानकीपुरमच्या वळणावर ई-रिक्षा उलटली आणि सुहासिनीच्या मांडीचं हाड मोडलं. पट्टी बसवली. काही आठवड्यांनी माथुर म्हणाले, "अब थोड़ा-थोड़ा चलाइए. वज़न पड़ेगा तभी हड्डी जुड़ेगी."

घरी आल्या आल्या सुहासिनीने वॉकर मागितला.

"इतक्यात नको," रमाकांत म्हणाले.

"अहो, डॉक्टर चाला म्हणालेत ना?"

"डॉक्टरांना हाड कळतं, पट्टी मला कळते. हाड जुळेपर्यंत सगळा भार तिच्यावर. प्रत्येक पावलाला ती वाकते. दिसत नाही, पण वाकते."

"आणि चाललेच नाही तर हाड जुळणार कसं?"

"थोडं थांबू या," एवढंच ते म्हणाले. सब्जी आणायला स्वतः जाणारी, भैयाशी भाव करून करून त्याला हसवणारी सुहासिनी खिडकीशी बसून राहिली. पुढच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेना. त्यानंतर एका सकाळी ती पलंगावरून नुसती उठली आणि पाय खालून दुमडला.

आता दवाखान्याच्या खिडकीपाशी त्यांनी तुकडे बाहेर काढले. तुटल्या जागी बारीक, वळणदार रेषा होत्या, ओसरत्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा. एकीला एक लागून. बाथरूमपुरतं चालणाऱ्या बाईच्या पट्टीवर इतक्या रेषा उमटायला नको होत्या.

लखनौतच वाढलेली त्यांची मुलगी चहा घेऊन आली.

"मुक्ता, आई चालत होती?"

मुक्ताने कप खिडकीत ठेवला. "हाँ. आप यूनिवर्सिटी जाते थे, तब. मैं पकड़ती थी."

"मला सांगितलं नाहीत."

"आप रोक देते, बाबा."

ते संतापले. म्हणजे त्यांचंच बरोबर होतं: ती चालली म्हणून पट्टी तुटली. पण चहा संपेपर्यंत तो संताप टिकला नाही. ती चोरून चालली, भीत भीत, जेमतेम. पहिल्यापासून उघडपणे चालली असती, तर कदाचित हाड वेळेवर जुळलं असतं आणि पट्टीवरचा भारच उतरला असता. की तेव्हा ती आणखी लवकर तुटली असती? त्यांनी तुकडे पुन्हा उजेडात धरले. पट्टी कशी तुटली ते त्या रेषा सांगत होत्या. हाड का जुळलं नाही, हे रेषांना कुठून ठाऊक असणार?

संध्याकाळी सुहासिनी नीट शुद्धीवर आली. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मुक्ताने सांगितलं वाटतं."

"हो."

"रागावलात?"

"कळत नाही."

"मलाही कळत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की तुमचं पटायचं. तुम्ही गेलात की डॉक्टरांचं पटायचं. सकाळी तुमचं ऐकायचे, दुपारी त्यांचं."

रमाकांतांना हसू आलं. ते तिची चादर उगाचच सारखी करत राहिले.

दोन दिवसांनी फिजिओथेरपीवाली बाई वॉकर घेऊन आली. "चलिए आंटी, पैर रखिए. पूरा वज़न." सुहासिनी पलंगाच्या कडेला उभी राहिली, पण पाऊल उचलण्याआधी तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"टाकू?"

हजारो तुकडे मोडून पाहिलेल्या माणसाला काय सांगावं ते सुचेना. माथुर बरोबर असतील. नसतीलही.

"मी इथेच आहे," ते म्हणाले.

तिने पाऊल टाकलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते दुखणं होतं की बरं वाटणं, इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्यांना ओळखता येईना. वॉकरच्या बाजूने तेही एक पाऊल पुढे सरकले.