पोकळ पोटाच्या तक्तपोशीची कैफियत

मी एक जुनी लाकडी तक्तपोशी आहे. वरच्या भाडेकरूंची जमीन आणि खालच्यांचे छत. मित्रांनो, आवाज दुसऱ्यांनी करायचा आणि बोल मला लावायचा, हा कुठला न्याय?

मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या फळ्यांखाली वाळू आणि भुसा गच्च भरला होता. तेव्हा वर हत्ती नाचला असता, तरी खाली मांजराची झोप मोडली नसती. नाचला नाही, ही हत्तीची चूक. पुढे घरमालकांनी माझ्यातून विजेच्या तारा नेल्या आणि ते सगळे भरण गोण्यांत घालून फेकून दिले. परत मूठभरही भरले नाही! माझा ढोल केला आणि वर म्हणतात, "जुनं लाकूड, वाजणारच."

वर शिवणकाम करणाऱ्या मावशी, खाली घड्याळे दुरुस्त करणारे काका. मावशींचे मशीन धडधडले की काकांच्या टेबलावरचे स्क्रू उड्या मारत. एकदा एक चहात पडला, काका तो प्यायले आणि तीन दिवस त्यांचे पोट टिकटिकत होते. खोटे वाटते? मी वरून ऐकले आहे! काकांनी चिडून शिडी लावली आणि मला खालून थर्माकोल चिकटवला. कपाळ माझे! धक्का फळीतून येतो, त्याला थर्माकोल काय अडवणार?

मग काकांनी तक्रार केली. मालकांनी थेट मावशींना महिन्याभरात खोली सोडायला सांगितले. मावशींची सगळी गिऱ्हाइके याच गल्लीतली. दुसरीकडे जाऊन शिवायचे कुणाचे? ते कळल्यावर काका खजील होऊन वर आले.

"ताई, आवाज थांबवा म्हटलं होतं मी, तुम्हाला घालवा नाही."

"शिडी चढलात, पण सहा वर्षांत जिना नाही चढवला तुम्हाला!"

काका मशीनपाशी खाली वाकले. मशीनचे चारही पाय उघड्या फळीवर होते. त्यांनी जुन्या टायरचे जाड तुकडे पायांखाली सरकवले, मावशींनी सतरंजीच्या चार घड्या घातल्या. काका खाली गेले आणि ओरडले, "चालवा आता!"

"अहो, केव्हाचं चालूच आहे!"

पावलांचा आवाज मात्र येतच होता. काका मालकांना म्हणाले, "भरण तुम्ही काढलंत, तुम्हीच भरा. ताई निघाल्या तर मीही निघालो." दोन खोल्या रिकाम्या पडणार म्हटल्यावर मालकांना सुतार लगेच सापडला आणि माझे पोट पुन्हा गच्च भरले. मावशी राहिल्या.

तेव्हा मित्रांनो, खुर्ची ओढू नका, उचला. आणि वरच्यांचा राग आला तर माझ्या पोटात काठी ढोसू नका. ठोठावायलाच हवे असेल, तर त्यांना दार आहे.