पंधरा दिवसांचं पाणी

मी एक जुना वाळवंटी गुलाब आहे, मित्रांनो. वय वर्षं एकतीस. नावात वाळवंट असलं तरी उभ्या जन्मात मी वाळवंट पाहिलेलं नाही. माझा जन्म राचबुरीजवळच्या एका गावातला, कालव्याकाठच्या लाकडी घराच्या अंगणातला. गुलाबाशीही माझं काही नातं नाही, फुलं तेवढी गुलाबी. असो. मला पाहायला लोक दोन-दोन जिल्हे ओलांडून येतात, ते काही नाव वाचायला येत नाहीत.

ते माझं पोट पाहायला येतात. माझं खोड खाली रांजणासारखं फुगलेलं आहे. त्याच्याखाली मुळं चारी बाजूंना सारखी पसरलेली, मातीच्या वर, उघडी. वर अकरा फांद्या, एकीची उंची दुसरीहून जास्त नाही. आता यातलं काहीही आपोआप झालेलं नाही, बरं का! मोकळं सोडलं असतं तर मीही मुळ्यासारखा सरळ जमिनीत घुसलो असतो आणि वर दोन लांबडे फाटे काढून बसलो असतो. मग कुणी कुत्रं विचारलं नसतं.

मला घडवलं सवांगकाकांनी. ते पाण्याचे पंप दुरुस्त करत. मी अजून शेंगेत होतो तेव्हाच त्यांनी माझी काळजी घेतली. आमची शेंग पिकली की फटकन फुटते आणि पिसं लावलेल्या बिया वाऱ्यावर उडून जातात. तसं होऊ नये म्हणून काकांनी शेंगेला लाल दोरा गुंडाळला. तो दोरा होता त्यांच्या बायकोच्या, प्रानोमकाकूंच्या शिवणाच्या डब्यातला. काकूंची आणि माझी पहिली कुरबूर तिथेच झाली.

दीड वर्षाचा झालो तेव्हा काकांनी मला उपटलं, धुतलं आणि मधलं सोटमूळ सपकन आडवं कापलं. मला वाटलं, संपलो. वरून ओसरीच्या वाशाला आठवडाभर उलटं टांगून ठेवलं, डोकं खाली, पाय वर! जाणारे-येणारे हसायचे. घाव खडखडीत वाळल्यावर काकांनी त्याला विड्याच्या पानाला लावतात तो लाल चुना फासला, मला एका चपट्या कौलावर बसवलं आणि वरून रेती, कुजलेला पाला, नारळाच्या सालीचे तुकडे घातले. खाली कौल, मग मूळ जाणार कुठे? आडवंच पसरणार. पुढे दर दोन वर्षांनी ऐन उन्हाळ्यात हाच कार्यक्रम. उपटायचं, धुवायचं, फालतू मुळं छाटायची, टांगायचं आणि पुन्हा लावताना बोटभर उंच बसवायचं. बाकीची झाडं मुळं लपवतात. माझ्या अंगावर तोच दागिना आहे.

पाऊस सरला की काका माझ्या फांद्या छाटत. बाहेरच्या बाजूला पाहणारा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बघायची आणि तिच्या जरा वर कात्री लावायची. नव्या फुटीवरच आम्हाला फूल येतं. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे ऊन सगळीकडे सारखं. आणि पाणी? माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय थेंब नाही. त्याआधीही काका अंगठ्याने माझं पोट दाबून पाहत. टणक लागलं की तांब्या खाली, जरा दबलं तरच पाणी. "ह्याला तहान लागली की हा स्वतः सांगतो," असं ते म्हणायचे. देवळाच्या जत्रेतल्या प्रदर्शनात मी चार वेळा पहिला आलो. चारही कप घरात काचेच्या कपाटात आहेत.

माझ्यावरून, आणि पुढे त्या कपाटावरून, प्रानोमकाकू तीस वर्षं भांडल्या. त्यांच्या हातातही कसब होतं, साधंसुधं नव्हे. टरबुजातून कमळ, लाल भोपळ्यातून हंस, आल्याच्या गड्ड्यातून मासोळी. लग्न असो, कुणाचा मुलगा भिक्खू होणार असो, कोरीव कामाला आमंत्रण काकूंनाच. त्यांच्या त्या करंगळीएवढ्या बारीक सुरीला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती.

"मी रात्रीचा दिवस करून कोरते, आणि दुपारी लोक ते खाऊन ढेकर देतात," काकू म्हणत. "हा ढेरपोट्या नुसता बसून राहतो, तर याला कप! कपाट! बघा तरी कसा बसलाय, जावयासारखा!"

काका मिशीत हसत.  पण खरं सांगतो, एकदा तरी काकूंनी मला चांगलं म्हणावं असं मला फार वाटायचं.

गेल्या वर्षीची गोष्ट. चैत्राचं ऊन तापलेलं. काकांनी मला उपटून मुळं छाटली, आठ दिवस टांगलं आणि कोरड्या मातीत नुकतं बसवलं होतं. यानंतर किमान पंधरा दिवस पाणी वर्ज्य, कारण घाव आतून अजून कोवळे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणातच कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. शेजारच्या लम्यायमावशींनी आरडाओरडा केला, गाडी आली, त्यांना शहरातल्या इस्पितळात नेलं. पाण्याबद्दल सांगायला त्यांना सवडच मिळाली नाही.

आणि लगेच सोंगक्रान आला, आमचं नवं वर्ष. या सणाला धाकट्यांनी थोरल्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालायचं, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं आणि आशीर्वाद मागायचा. काकू इस्पितळातून बसने परत आल्या. घर रिकामं. चांदीच्या वाडग्यात मोगऱ्याचं पाणी घेऊन त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि मग माझ्यापुढे चक्क गुडघे टेकून बसल्या.

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला फार बोलले. ढेरपोट्या म्हटलं, काय काय म्हटलं. सगळं विसर. पण त्यांचा जीव तुझ्यात आहे. त्यांना बरं करून घरी आण, बाबा!"

आणि वाडगं माझ्या मुळांवर ओतलं.

कुंपणापलीकडून लम्यायमावशी पाहत होत्या. "अगं, बरोबर केलंस!" त्या म्हणाल्या. "सवांगदादा घरात नाहीत, मग घरातला थोरला कोण? हाच! थांब, मीही घालते."

मग काय विचारता! सणाचे दिवस, अख्खी आळी आली. वाडगी, तांबे, पिचकारीवाली पोरं. कुणी माझ्या फांदीला फुलांचा हार घातला, कुणी सणाच्या रिवाजाप्रमाणे अंगाला पांढरी माती लावली. खोटं कशाला बोलू, मला मिरवणुकीत बसल्यासारखं वाटलं. तीस वर्षं ज्या तोंडातून टोमणे ऐकले, त्या तोंडातून "बाबा" ऐकत होतो! सण संपला तरी काकू थांबल्या नाहीत. काका घरी येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ नेमाने वाडगं. आणि खाली मातीत माझे कोवळे घाव ते पाणी पीत होते. चौथ्या दिवशी आतून आग व्हायला लागली. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुठून?

पंधराव्या दिवशी काका आले. एका हातात काठी, दुसरा हात नुसता लोंबत होता. घरात न जाता ते सरळ माझ्याकडे आले. काठी काखेत धरून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा माझ्या पोटावर टेकवला. अंगठा आत गेला. काळं पाणी बाहेर आलं, आंबूस वासाचं.

"पाणी कुणी घातलं?"

"मी," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "रोज. दोन्ही वेळा. तुमच्यासाठीच घातलं हो..."

काकांनी अंगठा सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तीस वर्षं शिव्या घातल्यास, त्याचं पान हललं नाही. पंधरा दिवस माया केलीस, आणि बघ."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते थकून म्हणाले. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात रोज हलवा, वापरा, परत येईल. काकू तेल घेऊन बसल्या तर त्यांनी हात काढून घेतला. "कशाला? कात्री कुठे धरायचीय आता? तो गेला, हातही गेला. दे फेकून त्याला कालव्यात." तीन दिवस त्यांनी नीट जेवणही घेतलं नाही. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी एकटा कुजत नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी काकू तरातरा अंगणात आल्या. कुंडी आडवी केली, मला ओढून काढलं आणि फरफटत ओसरीवर, काकांच्या अंथरुणाशी आणून टाकलं. कमरेची बारीक सुरी काढली.

"उठा. कुठून कापायचं सांगा."

"तुला नाही जमणार. हे झाड आहे, पपई नव्हे."

"पपई याच्याहून नाजूक असते! उठता की मी माझ्या मनाने सुरू करू?"

काका घाईघाईने उठून बसले. माझ्याबाबतीत कुणी मनाने काही सुरू करावं हे त्यांना मरतानाही चाललं नसतं. "खालून, खालून! आधी मऊ भाग काढ. सुरी दर वेळी पूस. आणि हे बघ, याचा चीक विषारी असतो. डोळ्यांना हात लावायचा नाही, अजिबात नाही."

काकूंची सुरी माझ्या पोटात शिरली. दुखलं? हो, दुखलं. पण असा हात मी आजवर अनुभवला नव्हता. भोपळ्यातून हंसाची मान काढावी तशा त्या तपकिरी गर काढत गेल्या, पांढऱ्याला धक्का न लावता. अर्धं पोट रिकामं झालं. तरी आत, अगदी गाभ्यापाशी, एक तपकिरी ठिपका राहिलाच.

"बस," काका म्हणाले. "आणखी कापलंस तर उभाच राहायचा नाही. राहू दे तेवढं."

काकूंनी सुरी थांबवली. मग मान हलवली. "नाही. टरबुजात नखाएवढा नरम भाग ठेवला तर दुपारपर्यंत अख्खं आंबतं. हे मला माहीत आहे, तुम्हाला नाही."

आणि त्यांनी तो ठिपका काढला. आत सगळीकडे स्वच्छ पांढरं दिसलं, खोबऱ्यासारखं. माझ्या पोटात आता एक नारळ मावला असता.

काकूंनी सुरी खाली ठेवली आणि त्यांना रडू कोसळलं. "मारलं हो मी याला... तुमच्या हातचं एकमेव..." डोळ्यांतून धारा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले. सवयीने त्यांनी हात डोळ्यांकडे नेला.

"डोळ्यांना नको!" काका ओरडले. डाव्या हाताने त्यांनी काकूंचं मनगट धरलं. आणि उजवा हात, जवळजवळ तीन आठवडे लोंबत राहिलेला तो उजवा हात, अडखळत वर आला आणि त्याने काकूंचे डोळे पुसले. एक डोळा पुसला, मग दुसरा. दोघांच्याही लक्षात यायला जरा वेळ लागला. मी मात्र आधीच पाहिलं होतं.

मग काकांनीच, त्याच हाताने, सांडत-सांडत माझ्या घावाला चुना लावला.

त्यानंतर सत्तेचाळीस दिवस मला पाण्याचा थेंब मिळाला नाही. काकू माझ्याशेजारी स्टूल टाकून बसत. कुणी सहानुभूतीने नुसता तांब्या हातात घेतला तरी ओरडत, "लम्याय, तांब्या खाली ठेव! खाली ठेव म्हणते ना!" काका रोज अंगठा लावत. उजवा अंगठा. आधी तो दाबताच येत नव्हता, पुढे जोर वाढत गेला. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी माझ्या एका फांदीच्या टोकाला तांदळाएवढी हिरवी फूट दिसली. काकांनी चाचपलं, घाव दगडासारखा वाळला होता आणि पोट तहानेने जरा दबत होतं. "घाल आता," ते म्हणाले. काकूंची हिंमत होईना. शेवटी दोघांनी मिळून एक वाडगं धरलं, अर्धं मला मिळालं, अर्धं दोघांच्या पायांवर सांडलं.

पौषात मी फुललो, आणि असा फुललो की पानं दिसेनाशी झाली. जत्रेच्या प्रदर्शनात मला नेलं. काकू आयुष्यात पहिल्यांदा तिथे आल्या होत्या. परीक्षकांनी मुळं पाहिली, फुलं पाहिली, मग पोटातल्या पोकळीत बॅटरी मारली आणि कागदावर लिहिलं: खोडात मोठं भोक, गुण वजा.

"भोक?" काकू पुढे सरसावल्या. "भोक उंदीर पाडतो! हे कोरलंय, साहेब. आत बोट घालून बघा, कुठे एक कंगोरा लागतो का! या सगळ्या ठणठणीत झाडांपैकी एक तरी मरून परत आलंय का? याच्यासारखं झाड तुमच्या अख्ख्या मांडवात दुसरं नाही!"

परीक्षकाने खरंच बोट घातलं, चकित झाला, पण गुण काही बदलले नाहीत. मला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. सवांगकाका मात्र इतके हसले की काठी हातातून पडली, आणि ती त्यांनी उजव्या हाताने उचलली.

मला बक्षिसाचं वाईट वाटलं का? छे! चार कप मी कुणी माझ्या बाजूने भांडल्याशिवाय मिळवले होते.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. घरातल्या झाडावर माया जरूर करा, पण त्याला काय हवंय ते आधी विचारा. माती चाचपून पाहा, अंगठा टेकवून पाहा. पोट टणक लागलं तर तांब्या ठेवून द्या आणि आम्हाला उन्हात बसू द्या. आणि कधी चुकलात, तर रडत बसू नका. सुरी पुसून घ्या आणि पांढरं दिसेपर्यंत थांबू नका.