हळदीकुंकवाचं फूल

त्या रविवारी आमच्या मित्राच्या, गिरीशच्या कुरणात कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोची निम्मी मराठी मंडळी अनवाणी उभी होती. मी सगळ्यांत पुढे. सेमीकंडक्टरमध्ये पीएचडी असल्यावर पहिल्या रांगेचा मान कोणाला देणार? चंद्रशेखर महाराजांनी तिथलंच एक पिवळं फूल खुडलं, डोळे मिटले आणि ते चिमटीत चिरडलं. बोटं लालभडक!

"एकाच फुलात हळद नि कुंकू," महाराज म्हणाले. "परदेशी लेकींसाठी आईनं धाडलंय."

आम्हालाही त्यांनी एकेक काडी दिली. चिरडून चिरडून आमची बोटं नुसती हिरवी झाली. पुण्याई कमी पडतेय, हे आम्हाला लगेच पटलं.

महाराज पंधरा दिवस गिरीशकडेच उतरले होते आणि त्याच्या गौरी गाईला रोज याच फुलांचा नैवेद्य होता. ती तोंड फिरवायची, म्हणून आम्ही तो गुळात कालवून भरवायचो. आता त्या तांबड्या गाईच्या पांढऱ्या तोंडावर फोड आले होते, कातडी सोलवटत होती. गिरीशनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं, त्याचे डोळे भरून आले. महाराज म्हणाले, विकार बाहेर पडतोय, नैवेद्य दुप्पट करा. मी बाह्या सरसावून गूळ फोडायला बसलो.

माझी बायको सुमेधा अमरावतीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. इथे ती माझा डबा भरते, एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. तिनं त्याच फुलाच्या रोपाचं एक पान उन्हात धरलं. त्यात सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके चमकत होते.

"अहो, हे क्लॅमथ वीड. युरोपातून आलेलं तण, कुरणं नासवतं. लाल रंग फुलात नि कळीत असतो, काडीत नाही. तुम्हाला काड्या दिल्या, फुलं-कळ्या स्वतःकडे ठेवल्या."

तिनं माझ्या हातावर कळी ठेवली. सकाळी ऑम्लेट खाऊन, आंघोळीला दांडी मारून आलेल्या माझ्या बोटांतून कुंकू पाझरलं. साहेबांची कुंडलिनी जागी झाली, असं महाराज म्हणाले. खरं सांगतो, क्षणभर मला तेही पटलं. मग सुमेधानं सगळ्यांना कळ्या वाटल्या आणि अख्ख्या कॉलनीची कुंडलिनी एकदम जागी झाली.

ती गिरीशकडे वळली. "हे पोटात गेलं की पांढऱ्या अंगाला ऊन भाजतं. तांबड्या भागावर एक तरी फोड आहे का? आधी तिला सावलीत घ्या, मग व्हेटला फोन करा."

गौरी वाचली. ती आता सगळ्यांच्या हातचं खाते, फक्त मला बघून तोंड फिरवते. बरोबरच आहे तिचं.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर नमस्काराआधी एक कळी आपल्या हातानं चिरडून बघा. तेवढंही जमत नसेल, तर निदान गाईचं तरी ऐका.