मंगळवारच्या आधीचा चहा

बाबांनी चहाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही क्वचितच म्हणत. त्यांच्या मते चहा पोकळ असे, हट्टी असे, दमलेला असे, कधीकधी आगाऊ असे. एकदा तर नात्यातल्या एका बाईच्या घरी, सगळ्यांच्या देखत, कप खाली ठेवून ते म्हणाले होते, "हा चहा खोटं बोलतोय." त्या घराशी त्यानंतर येणंजाणं राहिलं नाही.

यात त्यांचा दोष नव्हता, नोकरीचा होता. एकोणचाळीस वर्षं ते एका चहा कंपनीत टी टेस्टर होते. रोज सकाळी लांबलचक पांढऱ्या टेबलावर दोनशे कप ओळीने मांडलेले असत. त्यांच्यापुढून चालत जायचं, प्रत्येकातला चमचाभर चहा फुर्र करून हवेसकट तोंडात ओढायचा, क्षणभर घोळवायचा आणि सोबत सरकत येणाऱ्या उंच पिकदाणीत थुंकायचा. ज्या माणसाला हयातभर चहा थुंकण्याचा पगार मिळाला, त्याला घरी तो गिळायला लावायचा म्हणजे कठीणच. आईने हे कठीण काम दिवसातून दोनदा केलं.

लेकीने या धंद्यात पडावं अशी बाबांची फार इच्छा होती. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिच्यापुढे तीन कप ठेवले आणि विचारलं, "काय फरक आहे?" लेकीने तिन्ही चाखले, बराच विचार केला आणि सांगितलं, "हा जास्त गरम आहे." बाबांनी त्या दिवशी तिचा नाद सोडला. पुढे ती डोळे तपासायला शिकली आणि तिने चष्म्याचं दुकान काढलं. बाबा लोकांना सांगत, "नाक नाही तर नाही, निदान नाकावर ठेवायचं काहीतरी विकते."

तर अशा माणसाच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला त्यालाच चहा प्यायला न्यायचं, ही कल्पना लेकीची. गावातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात दुपारचा शाही चहा मिळत असे. तीन मजली तबक, चांदीच्या किटल्या, कोपऱ्यात पियानो. टेबल ऑनलाइन राखून ठेवायचं, त्यासाठी एक फॉर्म भरायचा. फॉर्मात शेवटी एक रिकामी चौकट होती: 'पाहुण्यांविषयी आणखी काही सांगायचं आहे का?' दिवसभर लोकांकडून फॉर्म भरून घेणाऱ्या बाईला रिकामी चौकट बघवत नाही. तिने लिहिलं, 'वडिलांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. निवृत्त टी टेस्टर. चहाबाबत अत्यंत काटेकोर.' हे लिहून तिने काय करून ठेवलं, ते तिला टेबलावर बसल्यावर कळायचं होतं.

आईने यायला साफ नकार दिला. "तुझ्या बाबांबरोबर चहा? माझी शिक्षा भोगून झालीये. आता तू जा."

निघताना बाबांनी ऑफिसातला जुना कोट घातला. टॅक्सीत बसल्यावर लेकीने विचारलं, "हा कशाला काढलात?"

"मंगळवारी लागणार आहे. अंगावर बसतोय का ते बघतोय."

मंगळवारची गोष्ट तिला माहीत होती. कंपनीला दोन नवे टेस्टर घ्यायचे होते. वीस उमेदवार आले होते आणि त्यातले दोन निवडायला 'ज्युनिअर'ने बाबांना बोलावलं होतं. ज्युनिअर म्हणजे बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस. आता अठ्ठावन्न वर्षांचा होता, कंपनीचा डायरेक्टर होता, पण बाबांच्या तोंडी ज्युनिअर तो ज्युनिअरच. गेले पंधरा दिवस घरात मंगळवारशिवाय विषय नव्हता. बाबांची चाल बदलली होती. वाण्याकडूनसुद्धा ते असे परत येत, जणू त्याला पास करून आले आहेत.

"आज एकच करा," लेक म्हणाली. "तिथे फुर्र करू नका."

"फुर्र केल्याशिवाय चहा कळत नाही."

"आज कळायला नको. आज प्यायचा आहे."

"बरं," बाबा म्हणाले. इतक्या सहज की लेकीला जरा चुकल्यासारखं वाटलं.

हॉटेलात टेबल खिडकीशी होतं. मेन्यू म्हणजे जवळजवळ पुस्तकच होतं. बाबांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचावं तसं वाचलं. स्वतःसाठी त्यांनी 'फुलांची झाक असलेला' चहा मागवला. लेकीने डोळे मिटून बोट ठेवलं, तो निघाला 'लाकडाच्या धुरावर वाळवलेला'. दोन किटल्या आल्या, अगदी जुळ्या. तबकही आलं: खाली काकडीचे सँडविच, मधे स्कोन म्हणजे गोल खुसखुशीत पाव, वर अंगठ्याएवढे केक. एवढी भांडी आणि एवढं थोडं खाणं लेकीने आधी पाहिलं नव्हतं.

बाबांनी कप उचलला. लेकीने आजूबाजूच्या टेबलांकडे पाहून मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागून ठेवली. पण फुर्र झालं नाही. बाबांनी एक सभ्य घोट घेतला, गिळला आणि म्हणाले,

"छान आहे."

लेकीचा सँडविच तोंडाशीच थांबला.

"काय म्हणालात?"

"छान आहे म्हटलं. चांगला आहे चहा."

छान हा शब्द बाबा जावयाबद्दल वापरत, पावसाळी चपलांबद्दल वापरत, एकदा सरकारबद्दलही वापरला होता. चहाबद्दल कधीच नाही. लेक त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला दुकानात येणारे म्हातारे ड्रायव्हर आठवले. लायसन्स जाऊ नये म्हणून ते अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. खुर्चीत बसतात आणि विचारायच्या आत घडाघडा म्हणून दाखवतात. अशा वेळी ती काही बोलत नाही. पेशंटची नजर चुकवून तक्ता बदलते.

पियानोवाल्याने नवी धून सुरू केली, बाबांनी तिकडे मान वळवली. लेकीने त्यांच्या कपातला चहा त्यांच्याच किटलीत परत ओतला आणि कप स्वतःच्या किटलीतून भरला. दोन्ही चहांचा रंग सारखाच तांबूस होता. वास मात्र असा, की कपावर वाकल्यावर तिच्यासारखीलाही विझवलेली चूल आठवावी.

"थोडा घ्या ना अजून. घोटभर बघा."

बाबांनी घोट घेतला. डोळे अर्धे मिटले. "हं. फुलांची झाक बरी जमवलीये."

हे मेन्यूच्या चौथ्या पानावरचं वाक्य होतं.

लेकीने स्वतःचा कप पुढे सरकवला. "आता हा. पहिला बरा की दुसरा?"

"हे काय, डोळे तपासतेस काय?"

"पहिला, की दुसरा?"

बाबांनी दुसऱ्याचा घोट घेतला, मग पहिल्याचा, मग पुन्हा दुसऱ्याचा. कप खाली ठेवला, बशीत नीट मधोमध बसवला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "दोन्ही एकच आहेत ना?"

"हो," लेक म्हणाली. "एकच आहेत. पण आग लागल्यासारखा धुराचा वास आहे दोन्हींना."

पियानोवाला धुनीच्या शेवटी आला, टेबलाटेबलांवरून हलक्या टाळ्या पडल्या. बाबांनीही दोन वाजवल्या.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यात ताप आला होता ना. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. कडू कळतं, गोड कळतं. हिरड्या आवळल्या की चहा कडक आहे हेही कळतं. बाकी सगळं..." त्यांनी हात हलवला. "बाकी नुसतं गरम. तू नऊ वर्षांची असताना सांगितलं होतंस तसं."

"आईला माहितीये?"

"तिने भाजी करपवली होती. मी दोनदा वाढून घेतली. तेव्हा कळलं तिला. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही निमूटपणे जेवलात, असंच राहू द्या."

लेकीला हसू आलं आणि त्याच वेळी राग आला. "आणि मंगळवार? बाबा, वीस पोरं येणार आहेत. तुम्ही काय मेन्यू वाचून पास करणार त्यांना?"

"रंग दिसतो. भिजलेली पानं दिसतात. अर्धं तर बघूनच कळतं. उरलेलं ज्युनिअरच्या तोंडाकडे बघून." त्यांनी कोटाची बाही सारखी केली. "अगं, पंधरा वर्षांनी फोन आला मला. 'सर, तुमच्याशिवाय होणार नाही,' म्हणाला. त्याला काय सांगू, नाकाशिवाय येतो?"

लेक काही बोलणार, तोच टेबलापाशी सावली पडली. काळ्या पोशाखातली चाळिशीची बाई, छातीवर पितळी बिल्ला, हातात ट्रे. ट्रेवर तीन पांढरे कप, एक चमचा, आणि एक रिकामं भांडं. त्या भांड्याचा उपयोग काय, ते लेकीने लगेच ओळखलं.

"सर, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी इथली चहा-प्रमुख. तुमच्या मुलीने फॉर्ममध्ये लिहिलं होतं तुमच्याबद्दल, तेव्हापासून वाट बघतेय." ती खरंच आनंदात होती. "आम्ही मुख्य चहा बदलतोय. हे तीन उरलेत. आमच्यात भांडणं चाललीयेत. तुम्ही बोट ठेवाल तो पुढल्या महिन्यापासून इथे मिळेल. आणि सर, थुंकायला लाजू नका, म्हणून भांडं आणलंय."

लेकीने कपाळावर हात मारला, पण मनातच. तोंडाने मात्र तिने पटकन म्हटलं, "अहो, आज ते सुट्टीवर आहेत. राहू द्या ना."

"असू दे," बाबा म्हणाले आणि सरळ बसले.

त्यांनी पहिला कप खिडकीच्या उजेडाकडे तिरपा केला. मग दुसरा. तिसऱ्याच्या कडेवरचं पिवळं वलय बराच वेळ बघितलं. हातात जुनी सवय होती. शेजारच्या दोन टेबलांवरची बोलणी थांबली. चहा-प्रमुख श्वास रोखून उभी होती. त्या क्षणी बाबांनी कुठल्याही कपावर बोट ठेवलं असतं, तर तो इथला चहा झाला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. लेकीलाही वाटलं, ठेवा एकदाचं आणि सुटा.

बाबांनी चमचा उचलला. परत ठेवला.

"रंगावरून सांगू शकतो," ते म्हणाले. "तिसरा. पण रंगावरून सांगणाऱ्या एका माणसाला मी नोकरीवरून काढलं होतं. सर्दी झाली होती त्याला, आठवडाभर. सांगितलं नाही, नुसता बघून शेरे मारत राहिला. रजा मागितली असती तर दिली असती. लग्न ठरलेलं होतं त्याचं." त्यांनी तिन्ही कप मागे सरकवले. "बाई, मला कळत नाही. माझा वास गेलाय. चारपाच महिने झाले."

आजवर हे वाक्य त्यांनी इतक्या सरळ कुणासमोर उच्चारलं नव्हतं, हे लेकीला त्यांच्या आवाजावरून समजलं. जरुरीपेक्षा मोठ्याने बोलले होते ते. पलीकडच्या टेबलावरच्या एका आजींनी सहानुभूतीने मान हलवली, म्हणजे तिथवर पोचलं होतं.

चहा-प्रमुख ट्रे टेबलाच्या कडेला टेकवून हळूच म्हणाली, "सर, खरं सांगू? इथे रोज साठ-सत्तर लोक येतात. त्यातल्या फार तर चौघांना कळतं. पण कळत नाही असं म्हणणारे तुम्ही पहिलेच." आणि तीन कप तसेच ठेवून ती गेली. भांडं मात्र घेऊन गेली.

बाबांनी खिशातून फोन काढला.

"आत्ता?" लेक म्हणाली. "घरी जाऊन करा की निवांत."

"घरी गेलो की मंगळवारपर्यंत धीर राहायचा नाही. त्याचा नंबर कुठे गेला? तूच काढून दे. 'ज' खाली बघ."

तिने नंबर लावून दिला. बाबांनी घसा साफ केला.

"ज्युनिअर? हो, मीच. थँक्यू, थँक्यू, पंच्याहत्तर. ऐक, मधे बोलू नकोस. मंगळवारी मी चाखणार नाही. नाही, तब्येत ठणठणीत. नाक गेलंय. सर्दी नव्हे रे, कायमचं. डॉक्टर म्हणतात येईलही, म्हणजे येणार नाही. आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चूक झाली."

पलीकडून ज्युनिअर काहीतरी बोलला, लांबलचक. बाबा ऐकत राहिले. मधे एकदा "नाही, नुसतं खुर्चीत बसायला येणार नाही," असं म्हणाले. शेवटी, "तुझं तू निवड, तुला येतं," म्हणून त्यांनी फोन बंद केला. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. खांद्यांत घट्टच होत होता तो.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सर, तरी या. मी म्हटलं नाही. मग रडायला लागला, गाढव. डायरेक्टर आहे आणि रडतो."

तबकावर अजून सगळं तसंच होतं. बाबांनी एक स्कोन उचलला, मोडला, नाकाशी नेला आणि काही न मिळाल्यासारखा लेकीच्या नाकाखाली धरला.

"याला कसला वास येतोय?"

"लोण्याचा."

"लोणी मलाही दिसतंय. नीट घे."

लेकीने डोळे मिटून वास घेतला. चहा-प्रमुख लांबून बघत होती, आजीही बघत होत्या. तिने पुन्हा घेतला. "लोणी... आणि उन्हात वाळलेल्या टॉवेलसारखा. आणि मागे कुठेतरी, हसू नका, नवीन वही उघडल्यासारखा."

"टॉवेल," बाबा म्हणाले. "वही." त्यांनी स्कोन तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागले. मग धुराच्या चहाची किटली तिच्याकडे सरकवली.

"आता हा सांग."