निडीला दिलेले वाल

किमयाचं शिक्षण आयर्लंडमध्ये पुरं झालं तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसलं काय! पदवी हातात आल्यापासून पोरगी नोकरीच शोधत होती. चैत्रापर्यंत काम मिळालं तर तिथे राहायचं, नाही तर व्हिसा संपला की बॅग भरून आमच्या गडब गावी परत. तोवर पोटासाठी एका हॉटेलात भांडी घासत होती. इथे चहाचा कप उचल म्हटलं तर तोंड वाकडं करायची. मला हसूही यायचं आणि रडूही.

मग एक दिवस फोनवर आवाज एकदम खुललेला. औषधांच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. "आणि आई, मुलाखत घेणारे साहेब कोण माहितीये? निलेश म्हात्रे. मी नेटवर बघितलं, मूळचे आपल्या निडीचे आहेत!"

मी लगेच देवापुढे साखर ठेवली. निडी म्हणजे काय लांब? पेणहून गाडीत बसलं की रोह्याच्या अलीकडचं स्टेशन.

आमच्याकडे कामाची एक रीत आहे. ज्याच्या हातात काम, त्याच्या घरी जायचं. शेतातलं काहीतरी न्यायचं. गप्पा सगळ्या मारायच्या, कामाचा शब्द मात्र काढायचा नाही. त्यांनी "पोरं काय करतात?" विचारलं की तेवढं सांगायचं आणि उठायचं. समोरचा समजतो. माझ्या नवऱ्याला कंपनीत चिकटवलं ते असंच, माझ्या वडिलांनी फणस नेऊन.

"तिकडं असलं चालत नसंल गो," दिनानाथ म्हणाले. दिनानाथ म्हणजे तोच तो फणसावर लागलेला नवरा.

"तुमी कधी गेलाव तिकडं?"

"तू तरी कुठं गेलीस?"

यावर मी पिशवीत यंदाचे नवे वाल भरायला घेतले.

आम्ही दोघं निडीला पोचलो तेव्हा निलेशची आई गोदूबाई घरात एकटीच होती. दारात खिळ्याला फोन टांगलेला, कारण म्हणे रेंज तिथेच येते. वाल बघून म्हातारी खूश झाली. दोघींचं माहेर, भाताचं पीक, गुडघे, सगळं बोलून झालं. मग तिने विचारलं, "पोरं काय करतात?"

मी सांगितलं. "माझा निलेश बी तिकडंच हाय!" ती म्हणाली. "व्हय?" मी म्हटलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. दिनानाथना खोकला आला. निघताना रिकामी पिशवी द्यायची नाही म्हणून तिने पोहे घातले. काम फत्ते.

चार दिवसांनी किमयाचा फोन आला तो रडतच.

"आई, तू निडीला गेली होतीस? म्हात्रे साहेबांनी कंपनीला कळवलं, या मुलीची माझ्या घरच्यांशी ओळख आहे, मी मुलाखत घेणार नाही म्हणून. आता दुसरंच कुणीतरी घेणार. आणि मला विचारतायत, पिशवीत काय होतं! वालाला काय म्हणू मी त्यांच्यापुढे?"

"अगो, पण वळख हाय म्हणून तर..."

"ओळख आहे म्हणूनच नको म्हणतात, आई!" तिने फोन ठेवला.

इथे कुठेही जा, आधी विचारतात, तू कुणाची? कुणाची म्हणून सांगितलं की दार उघडतं. आणि तिथे कुणाची निघालीस तर दार बंद? परक्या माणसाला माझ्या पोरीची किंमत कशी कळणार? त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पोरीचा घास मीच हिसकावून घेतला होता.

मुलाखत कुणा परक्या बाईने घेतली. निकाल यायचा होता. मी विचार केला, वाल दिल्याने ओळख झाली, तर परत आणल्याने मोडेलही. पोह्यांची पिशवी घेऊन मी एकटीच निडीला गेले.

"मावशी, पोहे घ्या नि वाल द्या. आपली वळख मोडू."

"मोडता येते व्हय गो?"

"मला काय ठाव? करून बघू."

गोदूबाईने वालाचा डबा आणला. "थोडी उसळ खाल्ली मी," ती ओशाळून म्हणाली. मग डब्याशेजारीच बसली. "माझंच चुकलं, नूतन. मीच त्याला म्हटलं, त्या पोरीला घे. आपल्याकडची एक पोर तिकडं असली तर माझा लेक जेवतो का, हसतो का, कुणीतरी सांगंल मला. फोनवर तो सगळं बरंच सांगतो. पाच वर्सं झाली गो, आला नाय."

तेवढ्यात दारातल्या खिळ्याला, तिच्या फोनशेजारी टांगलेला माझा फोन वाजला. मी धावत जाऊन तो कानाला लावला.

"आई, मिळाली! नोकरी मिळाली! मी राहतेय इथे!"

मी ओरडलेच. शेजारची माणसं बाहेर आली. "मग आता कधी येशील बाय?" मी विचारलं.

"आत्ता कुठे लागतेय, आई. लगेच कशी रजा मागू? बघू, पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या."

"सगळं बरं हाय ना?"

"बरं आहे गं सगळं."

फोन बंद झाला. मी वळले तर गोदूबाई माझ्याकडेच बघत होती. साखर ठेवली, वाल नेले, निडीला दोन खेपा घातल्या, ते सगळं पोरगी घरी येऊ नये म्हणून केलं होतं मी. असं कसं केलं? मला आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि रडू काही थांबत नव्हतं.

गोदूबाईने वालाचा डबा उचलून परत आत नेला. बाहेर येऊन पोह्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

"वळख ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "येत जा. आपल्याला कुठं मुलाखत द्यायची हाय?"