पाळण्याला ऊन

एप्रिलातल्या एका गुरुवारी मोरेश्वररावांनी पाळण्याला पॉलिशचा शेवटचा हात मारला आणि वाळायला तो रस्त्याकडेच्या गवतावर नेऊन ठेवला. परदेशातल्या लेकाच्या घरामागे स्प्रूसच्या झाडांची गर्द सावली. ऊन काय ते पुढेच. शिवाय गल्लीभर सगळ्यांनी खुर्च्या, गाद्या, टेबलं तिथेच मांडलेली. हिवाळा सरला, लोक सामानाला ऊन दाखवताहेत, असं त्यांना वाटलं.

चहा पिऊन बाहेर आले, तर पाळणा नाही.

"अहो बाबा, उद्या मोठ्या कचऱ्याची गाडी आहे!" देवयानी, त्यांची सून, बाळाला थोपटत म्हणाली. "रस्त्याकडेला ठेवलं म्हणजे टाकलं. हवं ते कुणीही उचलून नेतं."

"गाद्यासुद्धा?"

"गाद्यासुद्धा."

पाळणा शिसवी होता. मिरजेहून सुटा करून, बॅगांत भरून आणलेला. त्यांचा अवधूत त्यातच वाढला होता आणि रविवारी बारशाला अवधूतची मुलगी त्यात निजायची होती.

देवयानीने बरोच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात फोन केला. "ते आमच्या हातात नाही," तिथली बाई म्हणाली, "पण फाटकावर लोरेनला विचारा."

गाव रेल्वेने वसवलेलं. मधून रूळ आणि ओलांडायला एकच फाटक. शाळेच्या पोरांना हात धरून पलीकडे नेणाऱ्या लोरेनच्या नजरेतून काही सुटत नसे.

"लाकडी, झुलणारं? निळ्या गाडीच्या टपावरून गेलं," ती म्हणाली. "केली नावाच्या मुलीकडे. स्टेशनामागचं पिवळं घर. आणि आजोबा, कानटोपी घालत जा, इथे एप्रिलातही थंडी असते!"

वाटेत मोरेश्वररावांनी इंग्रजी वाक्य घोटून ठेवलं: तो माझा आहे, परत द्या. दार उघडणारी मुलगी मात्र पोटुशी होती. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिने त्यांना आत नेलं.

"तुम्हीपण बघायला आलात? असलं कुणी टाकतं का हो?" तिने पाळण्याला झोका दिला.

मोरेश्वररावांनी झटकन हात घालून तो थांबवला.

"रिकामा हलवू नका. आमच्यात अशुभ मानतात." मग म्हणाले, "टाकला नव्हता. पॉलिश वाळत होतं."

केलीने स्वतःचे चिकट तळवे पाहिले. तिचा चेहरा उतरला. ती आतली दुपटी काढू लागली.

मिरजेत हा पाळणा कधी घरी नसायचाच. अवधूत त्यातून उठला तशी शेजारची लता बाळंतीण झाली, मग तिची जाऊ. परत मागायला जावं, तर त्यात कुणीतरी निजलेलं असे.

"तुम्हाला कितवा?" त्यांनी विचारलं.

"सातवा. जूनमध्ये होईल."

"मग रविवारी आमच्याकडे घेऊन या. जूनपर्यंत नातीचा, पुढे तुमचा. मोकळा झाला की परत."

रविवारी निळी गाडी पाळणा घेऊन आली. देवयानीने केलीची ओटी भरली आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. बाळ आत होतं, त्यामुळे मोरेश्वररावांची काही हरकत नव्हती.

"बाबा, खुर्च्या कमी पडताहेत," अवधूतने हाक मारली.

"गुरुवारी सांगायचंस," ते म्हणाले. "रस्त्यावर हव्या तेवढ्या होत्या."